अंगावरचा हक्क शिकवताना
वर्तन समजून घेताना : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण वर्तनाची साखळी पाहिली : आधी काय घडलं, मुलानं काय केलं आणि त्यातून त्याला काय मिळालं. तीच साखळी धरून आज पालकांना सर्वांत अवघड वाटणाऱ्या विषयाकडे जाऊ. स्वमग्न मुलाचं शरीर वयाप्रमाणेच वाढतं. बोलणं मागे राहिलं म्हणून पाळी यायची थांबत नाही, मिसरूड फुटायचं थांबत नाही. तरी घरोघरी वाचनाचा आणि हिशेबाचा सराव रोज होतो. व्यायाम आणि लैंगिक शिक्षण मात्र ‘पुढे बघू’ म्हणून मागे पडतं.

या ‘पुढे बघू’ची किंमत महाराष्ट्रानं पाहिली आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या काही स्त्रियांची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. त्यांना पाळीतली स्वच्छता सांभाळता येत नाही, असं कारण देण्यात आलं. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा या शस्त्रक्रिया थांबल्या. त्याआधी दहा वर्षं, म्हणजे १९८४ मध्ये, रिचमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखवून दिलं होतं की, अशा स्त्रियांना पाळीची काळजी टप्प्याटप्प्यानं शिकवता येते. पुढे २०१२ मध्ये क्लेट आणि तुरान यांनी तीन स्वमग्न मुलींना हेच शिकवलं. त्यांनी चित्रगोष्टी आणि कृतीचे टप्पे यांची जोड घातली होती.

हे शिकवायचं कसं? ‘पॅड बदल’ हे आपल्याला एक काम वाटतं. कागदावर लिहून काढलं की त्यात डझनभर कामं निघतात : नवं पॅड घेऊन बाथरूममध्ये जाणं, दार लावणं, चड्डी खाली घेणं, डाग पाहणं, वापरलेलं पॅड काढणं, कागदात गुंडाळणं, डब्यात टाकणं, नव्या पॅडची पट्टी सोलणं, चिकट बाजू चड्डीवर दाबून बसवणं, चड्डी वर घेणं, हात धुणं. मुलगी नेमकी कुठं अडते, ते या यादीमुळे कळतं. कुणाला पट्टी सोलता येत नाही, कुणाला डाग दिसला तरी बदलायला हवं हे उमगत नाही.

सराव पहिल्या पाळीच्या आधीच सुरू करावा. सुटी चड्डी टेबलावर ठेवून, पॅडवर लाल खाद्यरंगाचे थेंब टाकून शिकवता येतं. त्यासाठी मुलीच्या अंगाला हात लावावा लागत नाही. सुरुवातीला शेवटचा टप्पा तिनं करायचा, मग शेवटचे दोन, असं मागून पुढं यायचं. त्यामुळे काम पूर्ण केल्याचं समाधान दर वेळी तिच्याच वाट्याला येतं. मदत हळूहळू काढून घ्यायची. घरी जमलं की शाळेत आणि मावशीच्या घरीही करून पाहायचं. जागा बदलली की शिकलेलं आपोआप सोबत येत नाही.

मुलग्यांच्या बाबतीत बहुतेक तक्रार एकच असते : चारचौघांत गुप्तांगाला हात लावतो. ओरडल्यानं मुलगा भेदरतो, शिकत काहीच नाही. आधी कारण शोधावं. चड्डी काचते का, खाज आहे का, रिकामा वेळ फार आहे का? शरीरसुखासाठी असेल तर ती वयाची गरज आहे. शिकवायची आहे ती जागा. फोटो दाखवून बैठकीची खोली, बस, वर्ग या सर्वांच्या जागा आणि दार लावलेली स्वतःची खोली ही खासगी जागा, असा फरक पक्का करावा. अवयवांना लिंग, योनी, स्तन अशी खरी नावं द्यावीत. कुणी नको तिथं हात लावला, तर ते सांगायला मुलाजवळ शब्द असायला हवेत.

व्यायामालाही हीच रीत लागू पडते. पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अपंग मुलांनाही तिची शिफारस तीच आहे. चिडचिडीसाठी रिस्पेरिडोन हे औषध घेणाऱ्या अनेक मुलांचं वजन वाढतं, त्यांच्या बाबतीत तर हे अधिकच निकडीचं. सांघिक खेळातला गोंगाट आणि बदलते नियम जमत नसतील, तर चालणं, पोहणं, सायकल निवडावी. आज मैदानाच्या दोन फेऱ्या होतात ना? त्या काही दिवस टिकू द्या, मग अडीच करा. फेरीनंतर आवडीची गोष्ट लगेच मिळू द्या. चालायचं की सायकल घ्यायची, हे मात्र त्यालाच ठरवू द्या.

‘त्यालाच ठरवू द्या’ हा या लेखाचा गाभा आहे. कारण टप्प्याटप्प्यानं शिकवण्याची ही रीत ज्यातून आली, त्या उपयोजित वर्तन विश्लेषणाच्या इतिहासात एक काळा अध्याय आहे. १९६० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ लोवास यांनी काही मुलांवर विजेच्या झटक्यांचाही वापर केला. मोठे झालेले स्वमग्न लोक आज सांगतात की, आम्हाला निव्वळ आज्ञापालन शिकवलं गेलं. त्यांचं म्हणणं गांभीर्यानं घ्यायला हवं. मोठ्यांचं प्रत्येक वेळी ऐकण्याबद्दलच ज्या मुलाला बक्षीस मिळतं, ते मूल अत्याचार करणाऱ्याचंही ऐकतं. म्हणून ‘नको’ म्हणणं हे कौशल्य मानून शिकवावं. मान हलवून, कार्ड दाखवून किंवा हात पुढे करून मूल गुदगुल्यांना नकार देत असेल, तर हात तत्काळ मागे घ्या. पाहुण्यांना पापा द्यायला नकार दिला, तर तोही माना. औषध किंवा दात घासणं टाळता येत नाही; तिथं आधी सांगा, क्रम निवडू द्या.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम १० नुसार प्रजननाविषयी योग्य माहिती मिळणं हा दिव्यांग व्यक्तीचा हक्क आहे आणि तिच्या मुक्त, माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. कायद्यानं आवश्यक ठरवलेली ही संमती मुलाला प्रत्यक्ष देता किंवा नाकारता यावी, यासाठी घरात रोज सराव लागतो. या आठवड्यात एवढंच करा : मुलानं किती वेळा ‘नको’ म्हटलं आणि त्यांतलं किती वेळा तुम्ही मानलं, दोन्ही लिहून ठेवा. पुढच्या लेखांकात ही नोंद कशी वाचायची, ते पाहू.