गर्दचे रुग्ण आणि त्यांच्या डॉक्टर

घरात कोणाला विषमज्वर झाला की शेजारीपाजारी चौकशीला येतात. कोणी मोसंबी आणून देतो, कोणी रात्री उशाशी बसावयास तयार होतो. त्याच घरातील तरणाताठा मुलगा गर्द ओढतो असे कळले, तर मात्र खिडक्या लावून घेतल्या जातात. सांजवात करावयास गेलेल्या आईला देवघरातील चांदीचे तबक जागेवर दिसत नाही. ती मोलकरणीला बोल लावते, पण खरा प्रकार तिला ठाऊक असतो. वडील आधी मुलाला मारतात, मग शपथा घालतात, आणि अखेरीस त्याच्याशी बोलणेच टाकतात. यांपैकी कोणत्याही उपायाने व्यसन सुटत नाही. मग शेवटचा विचार म्हणून डॉक्टरांची आठवण होते.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी पुण्यात अशी घरे एकाएकी वाढली. 1979 साली इराणमध्ये राज्यक्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस अफगाणिस्तानात युद्ध पेटले, आणि तिकडील अफूपासून बनविलेल्या हेरॉइनच्या चोरट्या व्यापाराला भारतातून वाट मिळाली. त्यातील अशुद्ध, तपकिरी रंगाची भुकटी मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत ‘ब्राऊन शुगर’ किंवा ‘गर्द’ या नावाने विकली जाऊ लागली. चकचकीत पन्नीवर चिमूटभर भुकटी ठेवावयाची, खालून काडी धरावयाची आणि निघणारा धूर नळीने ओढून घ्यावयाचा, एवढीच ती कृती. सुई टोचण्याचे भय नाही, दारूसारखा वास नाही. महाविद्यालयातील मुलांना ती एक गंमत वाटली, यात नवल नव्हते.

अफूचा आणि आपला परिचय तसा जुना आहे. माळव्याची अफू एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून चीनकडे जात असे, आणि त्या व्यापारावर मुंबईतील कित्येक घराणी श्रीमंत झाली. गिरणगावातील कामकरी स्त्रिया पाळीवर जाताना तान्ह्या मुलाने दिवसभर निजून राहावे म्हणून त्याला अफूची ‘बाळागोळी’ देत. त्यांच्यापाशी दुसरा इलाजही नव्हता. हेरॉइन हे त्याच अफूचे प्रखर रूप होय. 1898 साली बायर या जर्मन कंपनीने ते खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले होते, आणि त्याची सवय लागत नाही अशी त्या काळी समजूत होती. औषधांच्या इतिहासात याहून महाग पडलेली चूक शोधावयास बराच वेळ लागेल.

ही सवय इतकी घट्ट का बसते, याचा उलगडा 1973 नंतर होऊ लागला. त्या वर्षी मेंदूतील पेशींवर अफूजन्य द्रव्ये जाऊन बसतात त्या जागांचा शोध लागला. थोड्याच काळात असेही दिसून आले, की वेदना शमविणारी आणि समाधान देणारी त्याच जातीची द्रव्ये शरीर स्वतःच तयार करीत असते. बाहेरून रोज मुबलक पुरवठा होऊ लागला, की मेंदूचे सगळे व्यवहार त्या पुरवठ्याच्या हिशेबाने चालू लागतात, आणि तो थांबताच सारी घडी विस्कटते. नाका-डोळ्यांतून पाणी वाहते, जांभया आवरत नाहीत, अंगावर काटा येतो, पोटात मुरडा येऊन जुलाब होतात, हाडे ठणकतात आणि झोप पार उडते. व्यसनी मुले आपसांत या अवस्थेला ‘टर्की’ म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कळस गाठते आणि आठ-दहा दिवसांत ओसरते. सुटीवर घरी आलेला मुलगा तापाचे निमित्त सांगून पांघरुणात कुढत पडला असेल, तर आईने ही लक्षणे ध्यानात ठेवलेली बरी.

पुण्याच्या डॉ. अनिता अवचट यांचे काम खऱ्या अर्थाने या आठ-दहा दिवसांच्या पुढे सुरू होते. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. तेथेच सहाध्यायी असलेल्या अनिल अवचटांशी त्यांचा विवाह झाला, आणि पुढे येरवड्याच्या मनोरुग्णालयात त्या मनोविकारतज्ज्ञ म्हणून नोकरी करू लागल्या. पती लेखनात आणि सामाजिक चळवळींत गुंतलेले. घर चालले ते डॉ. अनिता यांच्या पगारावर. मराठी वाचकांना अनिल अवचटांचे लेखन परिचित आहे. त्या लेखनाला लागलेली निश्चिंती कोठून आली, हे मात्र सर्वांना ठाऊक असतेच असे नाही. स्वतः अवचटांनी ते मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्याविषयी लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले. या मुलांसाठी काही करता येईल काय, असे त्यांनी विचारले आणि एक लाख रुपये देऊ केले. पैसा उभा राहिला तरी रोज रुग्ण पाहणार कोण, हा प्रश्न होताच. त्याचे उत्तर डॉ. अनिता यांनी दिले. मनोरुग्णालयाच्या आवारातील एक इमारत शासनाकडून मिळाली, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी पु. लं.च्या हस्ते ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राचे उद्घाटन झाले. अमली पदार्थांविषयीचा देशाचा नवा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी, 1985 साली, झाला होता. कायद्याच्या दृष्टीने गर्द बाळगणारा गुन्हेगार ठरत होता, आणि समाजाच्या दृष्टीने तो वाया गेलेला होता. येरवड्याच्या त्या इमारतीत त्याची नोंद रुग्ण म्हणून होऊ लागली.

पहिल्या आठवड्यात औषधांनी वेदना, जुलाब, निद्रानाश यांवर उपचार करणे हे कोणत्याही जाणत्या डॉक्टरला जमण्याजोगे आहे. खरी कसोटी त्यानंतर लागते. टर्की उतरलेला मुलगा गुटगुटीत दिसू लागतो, त्याला भूक लागते, आईवडील पेढे वाटतात, आणि पंधरवड्याच्या आत तो पुन्हा त्याच गल्लीत उभा असतो. अनुभवी डॉक्टरही येथे हात टेकतात. म्हणून मुक्तांगणातील वास्तव्य सुमारे पाच आठवड्यांचे ठेवण्यात आले. सकाळचा व्यायाम, केंद्रातील कामाची वाटणी, गटात बसून स्वतःविषयी खरे बोलणे, समुपदेशकाशी एकांतात बोलणे, असा दिवसाचा क्रम असे. जन्मभर सोडण्याची शपथ तेथे घालीत नाहीत. आजचा दिवस न घेता काढावयाचा, एवढाच संकल्प. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संघटनेच्या परंपरेतील हे सूत्र मराठी मुलांना चटकन पटले, कारण दिलेल्या आणि मोडलेल्या शपथांचा त्यांच्यापाशी भरपूर साठा होता!

डॉ. अनिता यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तीच सर्वांत धाडसाची होती. बरे झालेल्या रुग्णांना त्यांनी कामावर घेतले. ज्याने घरातील भांडी विकली त्याच्या हाती केंद्राच्या किल्ल्या देणे, हे हिशेबी माणसाला सुचणार नाही. पण नव्याने दाखल झालेला मुलगा थाप मारू लागला, की ती थाप पूर्वी स्वतः मारलेला माणूस ती अचूक ओळखतो, आणि तरीही त्याचा तिरस्कार करीत नाही. पुढे यांतीलच कित्येकजण समुपदेशक झाले. मारहाण, साखळदंड, अपमान यांना या उपचारात जागा नव्हती. व्यसनमुक्तीच्या नावाखाली अन्यत्र हे प्रकार चालतात, म्हणून मुद्दाम सांगावयाचे.

अशीच वाट याआधी एका अमेरिकन स्त्री-डॉक्टरने चोखाळली होती. डॉ. मेरी निस्वँडर या मनोविकारतज्ज्ञ 1940 नंतरच्या काळात केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथील सरकारी रुग्णालयात होत्या. व्यसनी कैद्यांना तेथे महिनोन्‌महिने ठेवीत. सुटून गेलेल्यांतील बहुतेक पुन्हा व्यसनाकडे वळत. 1956 साली त्यांनी व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणून पाहावे असे सांगणारे पुस्तक लिहिले. 1964 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत त्या आणि डॉ. व्हिन्सेंट डोल यांनी मेथॅडोन या औषधावर प्रयोग आरंभिले. हे औषध तोंडाने एकदा घेतले की दिवसभर पुरते, टर्की येऊ देत नाही, आणि योग्य मात्रेत नशाही आणीत नाही. दिवसभर गर्दच्या मागे धावणारी माणसे त्यामुळे पुन्हा नोकरीवर जाऊ लागली. मधुमेही जसा रोज इन्शुलिन घेतो, तसे याने रोज हे औषध घ्यावे, असे डोल यांचे म्हणणे होते. एका व्यसनाच्या जागी दुसरे व्यसन, अशी त्यावर टीका झाली आणि अद्यापही होते.

ब्युप्रेनॉर्फिन हे त्यानंतरचे औषध. मेंदूतील त्याच जागा ते व्यापते, पण अर्धेमुर्धेच काम करते. एका मर्यादेपलीकडे मात्रा वाढवली तरी त्याचा परिणाम फारसा वाढत नाही, म्हणून ते अधिक सुरक्षित मानले जाते. भारतात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी 1990 नंतरच्या दशकात त्याचा वापर रुजविला. 2005 साली जागतिक आरोग्य संघटनेने मेथॅडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन या दोहोंना अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. मुक्तांगणाचा मार्ग पूर्ण वर्ज्यतेचा, हा मार्ग दीर्घकाळ औषध घेण्याचा. दोन्हींच्या कैवाऱ्यांत वाद आहेत. परंतु अफूजन्य व्यसनाच्या बाबतीत दीर्घकाळ दिलेल्या औषधाने मृत्यू कमी होतात, हे आज निर्विवाद आहे. आणि माणसांचा आधार तुटला तर नुसती गोळीही फार काळ टिकत नाही, हे येरवड्याच्या अनुभवाने दाखविले आहे. आपल्या मुलाला कोणता मार्ग मानवेल, ते डॉक्टरांना विचारून ठरवावे. शेजाऱ्यांना विचारून नव्हे.

आईवडिलांनी एक धोका मात्र जाणून असावे. काही आठवडे गर्दपासून दूर राहिलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. अशा वेळी मोह होऊन पूर्वीइतकी मात्रा घेतली, तर श्वास मंदावून मृत्यू ओढवतो. उपचारानंतरचा पहिला महिना म्हणूनच सर्वांत जपण्याचा. व्यसन पुन्हा लागले तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे. दमेकऱ्याला दुसऱ्यांदा धाप लागली म्हणून आपण त्याला घराबाहेर काढीत नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे 2 कोटी 26 लाख लोक अफूजन्य पदार्थांचे सेवन करतात, आणि त्यांतील सुमारे 77 लाखांना मदतीची गरज आहे. या मदतीसाठी शासनाने 14446 हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक ठेवलेला आहे.

कर्करोगाने गाठल्यानंतरही डॉ. अनिता यांनी रुग्ण पाहणे सोडले नाही. 1997 साली त्यांचे निधन झाले. मानसशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे केंद्राची धुरा उचलली. दारूचे रुग्ण तेथे मोठ्या संख्येने येऊ लागले, स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग झाला, आणि व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट सुरू झाला. अनिल अवचट 2022 च्या जानेवारीत गेले. व्यसन सोडल्याच्या दिवसापासून वय मोजण्याची रीत मुक्तांगणात आहे. तेथे पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थांचा पहिला वाढदिवस असतो. पांढऱ्या केसांचे गृहस्थ माईकसमोर उभे राहतात, आणि समोरच्या रांगेत त्यांची पत्नी शाळकरी मुलाला घेऊन बसलेली असते.