सर्वांस एकच प्रश्नपत्रिका

ज्याचें आयुष्य शिक्षकीपेशांत गेलें त्यानें परीक्षेविरुद्ध बोलावें, हें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु माझी तक्रार परीक्षेविषयीं नाहीं. साऱ्या राज्यास एकच माप लावण्याविषयीं आहे.

२०२३ सालीं महाराष्ट्रांतील शासकीय व अनुदानित शाळांत तिसरीपासून आठवीपर्यंत सर्वांस समान चाचणी सुरू झाली. मूल कोठें अडतें तें कळावें, हा हेतु चांगलाच. पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील केळापूर, झरी-जामणी या भागांत कोलाम मुलांच्या घरीं कोलामी बोलतात. ही द्राविड कुळांतील भाषा मराठीहून सर्वस्वी निराळी. अशा मुलाचें मराठींत लिहिलेलें उदाहरण चुकलें, तर त्याचें गणित कच्चें कीं मराठी, हें गुणांचा आंकडा सांगत नाहीं. पुढ्यांत कापसाचीं २४ बोंडें ठेवून चौघांत वांटावयास सांगितलीं, तर कदाचित् तेंच मूल बिनचूक भागाकार करील.

प्राथमिक शिक्षणाची सोय मातृभाषेंतून करावी, असें सांगणारें राज्यघटनेचें ३५०-अ हें कलम १९५६ सालीं आलें. चाचणी तरी त्यास अपवाद कां असावी? गुणांशेजारीं वर्गशिक्षकाची चार ओळींची नोंद असावी, आणि निर्णय दोन्ही वाचून व्हावा, एवढेंच माझें सांगणें.