अमिगाला पेन ड्राइव्ह

कमोडोरने १९८७ साली बाजारात आणलेला अमिगा ५०० हा संगणक माझ्याकडे आजही ठणठणीत चालतो. अडचण फ्लॉपींची आहे. सोनीने २०११ मध्येच त्या विकणं थांबवलं, आणि जुन्या फ्लॉपींना दमट हवेत बुरशी लागते. म्हणून मी आतला ड्राइव्ह काढून तिथे गोटेक बसवला, म्हणजे फ्लॉपीऐवजी पेन ड्राइव्ह घेणारी डबी. ही डबी मुळात भरतकामाच्या मशीनसारख्या कारखान्यातल्या यंत्रांसाठी निघाली. कीअर फ्रेझर यांचं मोफत ‘फ्लॅशफ्लॉपी’ फर्मवेअर घातलं की ती अमिगाशी जुळते. किती मोलाचं काम केलंय या माणसाने!

केबल तीच, ३४ तारांची. पेन ड्राइव्हवरची ८८० केबीची एडीएफ फाइल, म्हणजे फ्लॉपीची प्रत, वाचून गोटेक त्या केबलवर विजेचे स्पंद सोडतो, अगदी मिनिटाला ३०० फेरे घेणाऱ्या चकतीवरून यावेत तसे. संगणकाला फरक कळतच नाही. मी छोटा ओएलईडी पडदाही जोडलाय; त्यावर गेमचं नाव दिसतं, बटण दाबलं की पुढची ‘फ्लॉपी’.

काढलेला ड्राइव्ह मात्र भंगारात देऊ नका. जुन्या फ्लॉपी वाचायला तोच लागेल, आणि त्या वाचता येताहेत तोवरच त्यांच्या प्रती करून घ्या.