वाशीत बसून आइसलँडचा कार्यक्रम

सकाळी 10. जुलैचा पाऊस, दाराशी निथळणाऱ्या छत्र्या, आणि टेबलावर सप्टेंबरअखेरच्या ग्रुपची फाइल. सहलींचे कार्यक्रम आखणं हे माझं काम. उत्तर युरोप माझ्याकडे आहे आणि त्यातलं आइसलँड मी हट्टाने मागून घेतलंय. महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश आकाराचा हा देश, त्याची सुमारे दहा टक्के जमीन बर्फाखाली, आणि त्या बर्फाखाली जागे ज्वालामुखी. अशा ठिकाणचा कार्यक्रम घाईघाईने बांधला तर माणसं फक्त बस बघून येतात.

11 वाजता नेरुळचे काका-काकू आले. काकांनी यादीच करून आणली होती: थिंगवेलिरचं राष्ट्रीय उद्यान, गुलफॉस धबधबा, काळा किनारा, जोकुलसारलॉनचं हिमतळं, नॉर्दर्न लाइट्स. चार दिवसांत सगळं.

"काका, हिमतळं रेक्याविकहून पावणेचारशे किलोमीटर आहे. एका दिवसात जाऊन-येऊन करायचं म्हणजे सकाळी वाशीहून निघून कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन घ्यायचं आणि रात्री घरी झोपायला यायचं."

"पण तिकडे दिवस मोठा असतो ना?"

"तो जूनमध्ये. सप्टेंबरअखेर दिवस-रात्र सारखीच. नॉर्दर्न लाइट्ससाठी अंधार लागतो, म्हणून तर तेव्हा जायचं. आकाश मात्र मोकळं मिळायला हवं, त्याची हमी मी देत नाही."

काकूंनी शांतपणे विचारलं, "मग काय काढायचं?" हा प्रश्न मला फार आवडतो. मी आमच्या कार्यक्रमातले दोन धबधबे आणि एक शहरफेरी काढली, दक्षिणेला मुक्कामाची रात्र वाढवली. जोकुलसारलॉनच्या काठी अर्धा तास थांबून फोटो मिळतो, बाकी काही मिळत नाही. तिथे वाट बघावी लागते. हिमनदीतून सुटलेले निळे-पांढरे तुकडे, कुठे काळ्या राखेचे पट्टे भरलेले, संथ वळत समुद्राकडे सरकतात. मध्येच एखादा कलंडतो आणि ओली, काचेसारखी बाजू वर येते. हे तळं 1930 च्या दशकात हिमनदी मागे हटल्यावर तयार झालं आणि अजून वाढतंय. ओक नावाच्या हिमनदीचं तर 2014 मध्ये हिमनदी हे बिरुदच गेलं. 2019 मध्ये तिथे स्मृतिफलक लावला. आपल्या लोकांनी हे बघावं आणि सावकाश बघावं, असं मला मनापासून वाटतं.

दुपारी 1. डबा.

2:30 ला तिकडे सकाळचे 9 वाजतात, मेलची उत्तरं यायला लागतात. आधी हवामान खात्याचं पान, मग रस्त्यांचं. रेक्यानेस भागात 2021 पासून पुन्हा पुन्हा उद्रेक होतायत. 2023 च्या नोव्हेंबरात तिथलं ग्रिंडाविक गाव रिकामं करावं लागलं. त्यामुळे त्याच भागातल्या ब्लू लगून या गरम पाण्याच्या तळ्याचं बुकिंग करताना पर्यायी जागा ठरवलेली असतेच. पनवेलच्या एका ताईंचा फोन आला: तिथे सगळ्यांसमोर आंघोळ करावी लागते का? सार्वजनिक तलावांत उतरण्यापूर्वी कपड्यांशिवाय अंग धुण्याचा नियम आहे, पण ब्लू लगूनमध्ये आंघोळीसाठी दार असलेल्या खोल्या आहेत. अशा शंका मी कधीच उडवून लावत नाही. त्यांच्यापायी बायका काठावर बसून राहतात.

4 वाजता सुरक्षेची सूचना लिहायला घेतली. त्यात सर्वांत जास्त वेळ जातो तो रेनिसफ्यारासाठी, म्हणजे काकांच्या यादीतल्या काळ्या किनाऱ्यासाठी. काळी वाळू, मागे दगडी खांबांचा कडा. आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखेच उभे. पण तिथला समुद्र शांत दिसता दिसता एकदम आत घुसतो आणि माणसाला ओढून नेतो. पर्यटकांचे जीव गेलेत. खारघरला राहणाऱ्यांना हे समजावणं सोपं जातं. पांडवकडा पावसात किती देखणा दिसतो आणि तिथे बंदी का असते, हे त्यांनी जवळून पाहिलंय; तरुण मुलं-मुली वाहून गेल्याच्या बातम्या वाचल्यात. सूचनेत मी ठळक लिहिलं: समुद्राकडे पाठ करून फोटो नाही, किनाऱ्यावरचा इशाऱ्याचा दिवा लाल असेल तर खाली उतरायचं नाही, गाइडने सांगितलेल्या रेषेपुढे एक पाऊलही नाही.

6 वाजता ग्रुपची ऑनलाइन बैठक. शाळेत जाणाऱ्या एका मुलाने विचारलं, तिथला दगड आपल्यासारखाच काळा का? कारण तोही बेसॉल्ट, लाव्हा थिजून झालेला. आपल्या सह्याद्रीचा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आइसलँडचा जुन्यात जुना सुमारे दीड कोटी वर्षांचा, आणि नवा अजून तयार होतोय. त्याला स्ट्रॉकर या उसळत्या गरम झऱ्याबद्दलही सांगितलं: दर सहा ते दहा मिनिटांनी पाणी उसळतं, पण नजर ठेवायची ती उसळण्याआधीच्या क्षणावर, पाणी निळ्या घुमटासारखं फुगतं तेव्हा. एक उसळी बघून बसकडे पळायचं नाही, तीन-चार बघायच्या.

7 वाजता, तिकडच्या दुपारी दीडला, बसवाल्यांना मेल टाकला: तिसऱ्या दिवशी दुपारी दुसरा एकही थांबा नको, हिमतळ्याकाठी अडीच तास, रेनिसफ्याराची वेळ त्या दिवशीचा इशारा बघून ठरवू, आणि ड्रायव्हरने थांबू नका म्हटलं तर तिथे थांबायचं नाही.