पेंडीचा भाव कोण विचारतो?

13 सप्टेंबर 2024 रोजी केंद्र सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावर सेस वगैरे धरून साडेपाच टक्के होतं, ते साडेसत्तावीस झालं. रिफाइंडचं पावणेचौदावरून पावणेछत्तीसवर गेलं. सोयाबीन उत्पादकाला भाव मिळावा, हा हेतू होता. तुळजापुरात तेव्हा घटस्थापनेला तीन आठवडे उरले होते. देवीच्या पोताला तेल लागतं, नैवेद्याच्या तळणाला लागतं, यात्रेत भज्यांचे गाडे लावणाऱ्यांना तर डब्यांनी लागतं. ते लगेच चढलं. किराणा दुकानात किलोमागे पंधरा-वीस रुपयांचा फरक सण उजाडायच्या आतच दिसला.

सोयाबीन मात्र जागचं हललं नाही. हमीभाव होता 4892 रुपये, आणि दसरा-दिवाळीत मराठवाड्यातल्या बाजार समित्यांत नवा माल चार-साडेचार हजारांत जात होता. ओला किंवा डागी असेल तर त्याहून खाली. ज्याच्या नावाने शुल्क वाढलं, त्याच्याच चुलीवरचं तेल महागलं आणि खळ्यावरचा माल स्वस्तच राहिला.

याचं उत्तर पेंडीत आहे. आपण सोयाबीनला तेलबिया म्हणतो, पण प्लांटवाल्याच्या हिशेबात ते आधी पेंड असतं. क्विंटलभर सोयाबीन गाळलं की तेल निघतं अठरा किलोच्या आसपास, पेंड ऐंशी किलो. तेल किलोला दहा रुपयांनी वाढलं तर क्विंटलमागे 180 रुपये वाढतात. पेंड दहा रुपयांनी पडली तर 800 जातात. पेंडीचा भाव टीव्हीवर येत नाही, निवडणुकीच्या सभेत तर नाहीच नाही. सोयाबीनचा दर ठरतो मात्र बराचसा तिच्यावर.

आणि पेंड पडली होती. जगात सोयाबीन मुबलक होतं, हे एक कारण. दुसरं कारण इथलंच आहे आणि त्याची वाट फार वळणावळणाची. 7 डिसेंबर 2023 रोजी, साखर महागू नये म्हणून, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला केंद्राने बंदी घातली. पुढे ती थोडी सैल केली. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट मात्र कायम होतं. मग डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या, जानेवारी 2024 मध्ये मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे 5 रुपये 79 पैशांचं जादा प्रोत्साहनही मिळालं. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर जो प्रथिनयुक्त चोथा उरतो त्याला व्यापारी डीडीजीएस म्हणतात. तो कोंबड्यांना, जनावरांना चालतो आणि सोयापेंडीपेक्षा स्वस्त पडतो. पोल्ट्रीवाल्यांनी पेंड कमी करून तो वापरायला सुरुवात केली. चहातली साखर स्वस्त ठेवायला निघालेला निर्णय असा मक्यावरून, कोंबडीच्या खाद्यावरून फिरत सोयाबीनच्या काट्यावर येऊन बसला. हे कुणी ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. एका खात्याच्या निर्णयाचं ओझं दुसऱ्या पिकावर पडणार आहे, हे पाहायचं काम कुणाचंच नव्हतं, एवढंच.

मुद्दाम केल्याचं उदाहरण हवं असेल तर 2021 मध्ये जावं लागेल. त्या वर्षी ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीनने दहा हजारांचा आकडा ओलांडला होता. त्याच महिन्यात केंद्राने 12 लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. नवा माल बाजारात यायच्या वेळी भाव जवळपास निम्म्यावर होता. ऑक्टोबरात तेलावरचं शुल्क उतरवलं, साठ्यावर मर्यादा आली, आणि डिसेंबरात सेबीने सोयाबीन आणि सोयातेलाचे वायदे थांबवले. ही बंदी नंतर वेळोवेळी वाढतच गेली. पुढे चार-सहा महिन्यांनी काय भाव असेल, याचा जो थोडाफार अंदाज वायद्यातून यायचा तोही गेला.

आता 2024 च्या हंगामातला एका घराचा हिशेब मांडू. चार एकर सोयाबीन, एकरी सहा क्विंटल, म्हणजे 24 क्विंटल. 4892 ऐवजी 4200 ने विकलं तर तूट साडेसोळा हजारांची. त्याच घराला महिन्याला सहा किलो तेल लागतं असं धरलं आणि ते वीस रुपयांनी महागलं, तर वर्षाचा जादा खर्च 1440 रुपये. लाडकी बहीण योजनेचे महिना 1500 प्रमाणे वर्षाला 18 हजार येतात. भावातली तूट आणि खात्यातली भर यांचं माप किती जवळजवळचं आहे पाहा! बाईच्या स्वतःच्या नावावर पैसे येणं ही मोठी गोष्ट आहे, तिला नाकं मुरडणाऱ्यांनी आधी तिचा संसार चालवून दाखवावा. पण घर म्हणून पाहिलं तर ते फार पुढे गेलेलं नाही.

ज्याला गुंठाभरही जमीन नाही, जो मंदिराच्या परिसरात हमाली करतो, दुकानात कामाला आहे किंवा दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातो, त्याचा हिशेब अगदी वेगळा. त्याला फक्त तेलाचा भाव लागतो. देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात काही आठवडे थांबवली, तेव्हा झळ याच घरांना सर्वांत आधी लागली. म्हणून शुल्क वाढवा की तेल महाग होऊ देऊ नका, हे भांडण मला खोटं वाटत नाही. शुल्काच्या एकाच हत्याराने दोन्ही कामं करायची ही हौस खोटी वाटते.

शेतकऱ्याला भाव देण्याचा सरळ मार्ग हमीभावाने खरेदीचा. पण खरेदी केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. परतीच्या पावसात काढलेलं सोयाबीन चार दिवस अंगणात ताडपत्रीवर उलथंपालथं केलं तरी मीटर चौदा-पंधरा दाखवतो, आणि मळणीवाला, खतवाला, दिवाळी, यांतलं कुणी थांबत नाही. 15 टक्क्यांपर्यंतची सवलत आली ती 15 नोव्हेंबर 2024 ला, विधानसभेच्या मतदानाच्या पाच दिवस आधी. लक्ष्मीपूजन 1 तारखेलाच होऊन गेलं होतं. सभांमधून सहा हजारांचं आश्वासन ऐकू येत होतं, तोवर अडचणीतल्यांचा माल आडतीवर पोचलाही होता. जानेवारीत तर बारदान्याअभावी अनेक केंद्रांवर खरेदी अडली. तरीही राज्यात सुमारे 11 लाख टनांची खरेदी झाली आणि ज्यांचा माल तिथं पोचला त्यांना पूर्ण भाव मिळाला. म्हणजे हा रस्ता चालतो. फक्त तो उशिरा उघडतो.

28 मे 2025 रोजी नव्या हंगामाचा हमीभाव जाहीर झाला, 436 रुपयांनी वाढवून 5328. दोनच दिवसांनी, 30 मे रोजी, कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क साडेसत्तावीसवरून साडेसोळा टक्क्यांवर आणलं. त्याच आठवड्यात लोक बियाण्याच्या पिशव्या घ्यायला दुकानात उभे होते.