स्मिथ : घणाच्या घावातून आलेलं आडनाव

इंग्लंड, स्कॉटलंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या सगळ्या ठिकाणी सर्वाधिक आढळणारं आडनाव एकच, स्मिथ. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत या आडनावाची सुमारे २४ लाख ४० हजार माणसं नोंदली गेली.

जुन्या इंग्रजीत ‘स्मिथ’ म्हणजे धातूकाम करणारा कारागीर, मुख्यतः लोहार. नांगराचा फाळ, घोड्याचा नाल, दाराची बिजागरी, तलवार यांतलं काहीही त्याच्याशिवाय घडत नसे. त्यामुळे मध्ययुगीन इंग्लंडच्या जवळजवळ प्रत्येक गावात त्याची भट्टी असे. तेराव्या-चौदाव्या शतकांत आडनावं वंशपरंपरेने चालू लागली, तेव्हा गावोगावच्या लोहारांची मुलं-नातवंडं स्मिथ झाली, पुढे भट्टी विझली तरीही. म्हणूनच सगळे स्मिथ एका कुळातले मुळीच नव्हेत. स्माइथ हे त्याचंच रूप. गोल्डस्मिथ सोनाराचं, तर ॲरोस्मिथ बाणांची टोकं घडवणाऱ्याचं.

अमेरिकेत ही संख्या आणखी फुगली. जर्मनीहून आलेल्या अनेक श्मिटांनी स्मिथ हे रूप घेतलं. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांकडेही हेच आडनाव आलं. त्यांचा इतिहास भट्टीचा नाही, बेड्यांचा आहे, आणि स्मिथांची मोजदाद करताना तो विसरता कामा नये.

महाराष्ट्रातही एका स्मिथची खूण आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळाचा अधिकारी जॉन स्मिथ अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोहोचला. दहाव्या लेण्यात त्याने कोरलेलं स्वतःचं नाव आजही पुसट दिसतं.