नेत्रवैद्य आणि त्यांच्या संस्थेची सेवा

डोळ्यांचे डॉक्टर म्हटलें कीं आपल्या मनापुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. अंधारी खोली, भिंतीवर लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, आणि "आतां खालची ओळ वाचा" असें शांतपणें सांगणारी एक व्यक्ति. या खोलीबाहेर हीच व्यक्ति आणखी एक काम करीत असते, हें आपल्या सहसा ध्यानांत येत नाहीं. ती आपल्या व्यवसायाच्या संस्थेची सभासद असते. आणि संस्था जर जिवंत असेल, तर हे सभासद वर्गणी भरून स्वस्थ न बसतां आपल्या आयुष्यांतील कांहीं तास तिच्या कार्याला विनामूल्य देत असतात. या तासांचें पुढें काय होतें, याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

मी वैद्य नव्हे. माझें आयुष्य खडूच्या धुळींत गेलें. परंतु दृष्टि हा विषय शाळामास्तराला परका नसतो. ज्या मुलाला फळ्यावरील अक्षर दिसत नाहीं, त्याला वर्ग "ढ" म्हणून मोकळा होतो. आणि योग्य चष्मा लागतांच तेंच मूल चार महिन्यांत वर सरकतें, हें कोणत्याही मास्तरानें पाहिलेलें असतें. डोळा अधू असला कीं केवळ वस्तु दिसेनाशा होतात असें नाहीं. त्या माणसाविषयीं लोकांचें मतही बदलतें.

उदाहरणासाठीं मीं अमेरिकेंतील संस्था घेतली आहे. कारण असें कीं, स्वयंसेवेचीं कामें निरनिराळ्या शाखांत वांटून, प्रत्येकीला नियम घालून देण्याचें काम तिनें पुष्कळ विचारपूर्वक केलें आहे. या संस्थेचें नांव "अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी". १८९६ सालीं हॅल फॉस्टर नांवाच्या डॉक्टरांनीं त्या देशाच्या पश्चिम भागांतील व्यवसायबंधूंस पत्रें धाडून कॅन्सस सिटी येथें एकत्र बोलाविलें, ही तिची सुरुवात. त्या वेळीं डोळे, कान, नाक आणि घसा यांचे वैद्य एकाच पंक्तीला बसत. पुढें ज्ञान इतकें वाढलें कीं एक पंगत पुरेना, आणि १९७९ सालीं नेत्रवैद्यांनीं आपली चूल वेगळी मांडली. संस्थेची मुख्य कचेरी सॅन फ्रान्सिस्को येथें आहे.

अशा संस्थेची गरज काय, असें कोणी विचारील. याचें उत्तर इतिहासांत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें थोड्या आठवड्यांचा अभ्यासक्रम करून कोणीही स्वतःस डोळ्यांचा तज्ज्ञ म्हणवून घेऊं शके. रोग्याला खरा कोण आणि खोटा कोण हें कळण्याचा मार्ग नव्हता. तेव्हां नेत्रवैद्यांच्याच संस्थांनीं पुढाकार घेऊन १९१६ सालीं एक स्वतंत्र परीक्षामंडळ स्थापन केलें. त्या देशांत वैद्यकाच्या कोणत्याही शाखेचें असें हें पहिलेंच मंडळ होय. परीक्षा घ्यावयाची म्हणजे परीक्षक आले, आणि ते आपला दवाखाना बंद ठेवून येणारे डॉक्टरच असावयाचे. म्हणजे व्यवसायाची अब्रू राखण्याचें पहिलें कामच मुळीं दिलेल्या वेळावर उभें राहिलें.

आतां या संस्थेच्या सभासदास सेवेचे कोणते मार्ग खुले आहेत तें क्रमानें पाहूं.

पहिला मार्ग रोग्याच्या सेवेचा. १९८५ सालीं संस्थेनें एक योजना काढली. तिला आज "आयकेअर अमेरिका" म्हणतात. पासष्ट वर्षांवरील ज्या गृहस्थानें किंवा बाईनें तीन अगर अधिक वर्षें डोळ्यांच्या डॉक्टराचें तोंड पाहिलेलें नाहीं, त्यांनीं अर्ज करावा. संस्था त्यांना जवळच्या स्वयंसेवक डॉक्टराशीं जोडून देते. ज्यांना काचबिंदूचा विशेष धोका आहे अशांसाठीं याच योजनेची एक निराळी शाखा आहे. डॉक्टर आपल्याच दवाखान्यांत, आपल्याच उपकरणांनीं तपासणी करतो. सरकारी विम्यांतून जें मिळेल तेंच पूर्ण समजावें, रोग्याकडे वरचा पैसा मागूं नये, आणि ज्याला विमाच नाहीं त्याची तपासणी फुकट करावी, असा दंडक आहे. आजवर वीस लाखांहून अधिक लोकांना या योजनेचा लाभ झाला आहे.

या योजनेंतील एक नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्या तपासणींत जो विकार सांपडेल, त्याची देखभाल त्याच डॉक्टरानें एक वर्षापर्यंत करावयाची. हा नियम कां, हें समजण्यासाठीं काचबिंदु म्हणजे काय तें जाणलें पाहिजे. डोळ्यांतून मेंदूकडे जाणारी जी मज्जातंतूंची जुडी आहे, ती या रोगांत हळूहळू झिजते. पुष्कळदां डोळ्यांतील द्रवाचा दाब त्याला कारण होतो. दुखत नाहीं, खुपत नाहीं, डोळा लाल होत नाहीं. दृष्टि प्रथम कडेची जाते. समोरचें स्पष्ट दिसत असतें, त्यामुळें रोग्याला कांहीं गेलें असें वाटतच नाहीं. आणि गेलेली दृष्टि परत येत नाहीं. औषधाच्या थेंबांनीं अगर शस्त्रक्रियेनें दाब उतरवून उरलेली दृष्टि राखतां येते, एवढेंच आपल्या हातीं असतें. अशा रोग्याला "तुम्हांला काचबिंदु आहे" एवढें सांगून घरीं धाडणें म्हणजे घराला आग लागली आहे असें कळवून निघून जाण्यासारखें आहे. मधुमेहामुळें डोळ्याच्या मागील पडद्यावरील रक्तवाहिन्या बिघडतात, तेथेंही हाच न्याय. म्हणून एका दिवसाच्या दयेपेक्षां एका वर्षाची जबाबदारी संस्थेनें मागितली, हें शहाणपणाचें झालें.

अर्थात् योजनेला मर्यादा आहेत. चष्मा, औषधें, रुग्णालयाचा खर्च हीं तिच्या कक्षेंत येत नाहींत. डॉक्टर आपला वेळ आणि विद्या देऊं शकतो. दुसऱ्याची वस्तु तो देऊं शकत नाहीं.

दुसरा मार्ग अध्यापनाचा, आणि येथें मास्तराचें मन साहजिकच रमतें. नेत्रवैद्यकाचे विद्यार्थी ज्या तेरा भागांच्या पाठ्यमालेवर शिकतात ती ही संस्था प्रसिद्ध करते. तिचे भाग लिहिण्याचें आणि वरचेवर दुरुस्त करण्याचें काम स्वयंसेवक डॉक्टरांच्या समित्या करतात. दिवसभर रोगी पाहून रात्रीं एका परिच्छेदावर वाद घालावयाचा, एखादें वाक्य नव्या शोधामुळें शिळें झालें असेल तर तें काढावयाचें, हें काम वरून दिसतें त्याहून कष्टाचें आहे. ज्यानें क्रमिक पुस्तकाच्या दुरुस्तींत कधीं भाग घेतला असेल त्याला हें सांगावयास नको. २०१० पासून संस्थेनें "आयविकी" नांवाचा एक ज्ञानकोशही चालविला आहे. त्यांत नेत्रवैद्यच लेख लिहितात, सुधारतात, आणि तो कोणासही फुकट वाचावयास मिळतो.

याच्या जवळचेंच आणखी एक काम आहे. अमुक रोगावर उपचार कोणत्या क्रमानें करावा, कोणत्या उपायाला पुरावा आहे आणि कोणत्याला नाहीं, याचीं मार्गदर्शक पत्रकें संस्था काढते, आणि तीं ठराविक वर्षांनीं पुन्हां तपासते. हीं लिहिणाऱ्या डॉक्टरांस, औषधें अगर यंत्रें करणाऱ्या कंपन्यांशीं आपले पैशाचे संबंध असल्यास ते उघड करावे लागतात. हा नियम कडक वाटेल; पण तो नसता तर फुकट दिलेल्या वेळाच्या आडून कोणाचा माल खपतो आहे, अशी शंका कायम राहिली असती. फुकट काम हेंही चोख असावें लागतें.

तिसरा मार्ग संस्थेच्या कारभाराचा. नीतिनियमांच्या समितीवर बसून आपल्याच व्यवसायबंधूविरुद्ध आलेल्या तक्रारीचा विचार करणें, वार्षिक परिषदेसाठीं आलेले निबंध निवडणें, तरुण डॉक्टरांस हाताशीं धरून पुढें आणणें, आणि कायदे करणाऱ्यांपुढें रोग्याची व व्यवसायाची बाजू मांडणें, हीं सारीं कामें यांत येतात. यांत टाळ्या नाहींत. तक्रारीच्या कामांत तर शत्रुत्वच वाट्यास येण्याचा संभव अधिक. परंतु घर झाडणारा कोणी तरी असल्याशिवाय दिवाणखाना शोभत नाहीं.

चौथा मार्ग परदेशांतील सेवेचा. अमेरिकन नेत्रवैद्य डॉ. डेव्हिड पेटन यांच्या कल्पनेंतून "ऑर्बिस" ही स्वतंत्र संस्था निघाली. १९८२ सालीं तिचें पहिलें विमान उडालें. त्या विमानांतच शस्त्रक्रियेची खोली होती. विमान एखाद्या देशांत उतरावयाचें, स्वयंसेवक डॉक्टरांनीं तेथील डॉक्टरांसमोर शस्त्रक्रिया करावयाची, आणि त्यांच्याकडून ती करवून घ्यावयाची. पाहुणा सर्जन एका दौऱ्यांत कितीही डोळे उघडो, त्याचा आंकडा लहानच राहणार. पण तो दहा जणांना शिकवून गेला, तर त्याच्यामागें काम चालूं राहतें. शाळेंतही चांगल्या मास्तराची खूण हीच, कीं तो वर्गाबाहेर गेला तरी वर्ग वाचीत असतो.

आतां कोणी म्हणेल, हें सर्व दूरदेशचें झालें; आमच्याकडे काय? आमच्याकडे नेत्रवैद्यांची अखिल भारतीय संस्था १९३० पासून आहे, आणि सेवेची परंपरा तर आमची स्वतःची आहे. कर्नाटकांतील डॉ. मोदी यांनीं गांवोगांव नेत्रशिबिरें भरवून हजारों गोरगरिबांचे मोतीबिंदु काढले. मदुरेचे डॉ. वेंकटस्वामी यांनीं सरकारी नोकरींतून अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्त झाल्यावर, संधिवातानें बोटें वाकडीं झालेलीं असतांना, १९७६ सालीं अकरा खाटांचें रुग्णालय काढलें. तेंच आजचें "अरविंद" होय. जे पैसे देऊं शकतात त्यांच्या उत्पन्नांतून, जे देऊं शकत नाहींत त्यांचे उपचार करावयाचे, हा त्या रुग्णालयाचा पाया. त्याच १९७६ सालीं केंद्र सरकारनें अंधत्व-निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला.

या परंपरेनेंही काळाप्रमाणें धडा घेतला आहे. पूर्वी शाळेच्या अगर धर्मशाळेच्या खोलींत शस्त्रक्रिया होत. जंतुसंसर्ग झाला तर बरा होण्यास आलेला डोळा कायमचा जाई. आतां गांवांत केवळ तपासणी करावी आणि शस्त्रक्रियेसाठीं रोग्यास सुसज्ज रुग्णालयांत न्यावें, हीच रीत योग्य मानली जाते. मोतीबिंदु काढल्यावर डोळ्यांत कृत्रिम भिंग बसवितात, त्यामुळें तर स्वच्छतेचें महत्त्व अधिकच वाढलें. गरिबाला फुकट देतांना हलकें देऊं नये, हा धर्म येथेंही लागू आहे.

एक आक्षेप नेहमीं निघतो. डॉक्टर फुकट काम करूं लागले, तर सरकार आपली जबाबदारी झटकून मोकळें होणार नाहीं काय? आक्षेपांत तथ्य आहे. स्वयंसेवा ही सरकारी दवाखान्याची जागा घेऊं शकत नाहीं, घेऊंही नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणें जगांत निदान २२० कोटी लोकांची दृष्टि अधू आहे, आणि त्यांतील निदान १०० कोटींचा दोष टाळतां आला असता किंवा त्यावर अद्यापि उपचार झालेले नाहींत. एवढा डोंगर केवळ उपकारबुद्धीनें उचलला जाणार नाहीं. परंतु दुसरी बाजूही आहे. अंधत्वाचीं कारणें कोणतीं, कोणता उपचार खरा, रोगी दवाखान्यापर्यंत कां पोहोंचत नाहीं, हें सरकारला सांगणार कोण? जो डॉक्टर आपल्या खोलीबाहेर पडून संस्थेंत काम करतो, तोच. सेवा करणाऱ्याच्या बोलण्याला वजन येतें, तें यामुळें.

आतां उरला प्रश्न आपला, म्हणजे जे डॉक्टर नाहींत त्यांचा. आपल्यालाही या सेवेंत एक लहानसा वांटा उचलतां येतो. घरांतील वडील मंडळींना "आतां वय झालें, एवढें अंधुक दिसावयाचेंच" असें म्हणूं देऊं नये. चाळिशी उलटल्यावर, आणि घरांत कोणाला काचबिंदु अगर मधुमेह असेल तर विशेषेंकरून, नियमित तपासणी करवून घ्यावी. तपासणींत केवळ चष्म्याच्या नंबरावर समाधान न मानतां डोळ्याचा दाब आणि मागील पडदा पाहिला कीं नाहीं तें विचारावें. शेजारच्या एकट्या म्हाताऱ्या बाईला दवाखान्यापर्यंत सोबत करावी. पुष्कळांचा उपचार पैशापेक्षां सोबतीवांचून अडतो. थेंब चालू असतील तर ते बरें वाटतें म्हणून बंद करूं नयेत. आणि ज्या डॉक्टरानें आपला वेळ फुकट दिला आहे, त्यानें ठरविलेल्या वेळेस न चुकतां जावें. कारण रिकामी राहिलेली ती वेळ दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांची होती.